लाल दोऱ्याचा तवा

सण जवळ आला की घरोघरी चेहरे फुलतात. दमियानाला मात्र धास्ती लागायची, आणि सण होऊन चार-दोन दिवस उलटेपर्यंत ती जायची नाही.

इजिप्तमधल्या मिन्या गावातल्या त्यांच्या ख्रिस्ती गल्लीत ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाचे शेवटचे दिवस चालले होते. लोक मसुराला विटले होते, वांग्याला विटले होते, फुल नावाच्या कडधान्याच्या उसळीकडे तर बघवत नव्हतं. शेजारणी जिन्यात भेटल्या की लोण्याच्या आणि भरलेल्या बदकाच्या गप्पा मारायच्या. दमियानाची सासू इस्तेर रोज सकाळी उठून जाहीर करायची, "या सणाला मी तुपाचा डबा उघडणार आणि तळ दिसेपर्यंत बंद करणार नाही! कुणी मला अडवायचं नाही, सांगून ठेवते."

दमियाना कसंनुसं हसायची आणि मनात म्हणायची, देवा, हा उपास आणखी थोडा लांबव. असली प्रार्थना त्या गल्लीत दुसऱ्या कुणी केली असेल असं वाटत नाही.

तिला कारण होतं. तिच्या सहा वर्षांच्या वेरेनाला दूध चालत नव्हतं. चालत नव्हतं म्हणजे नुसतं पोट बिघडायचं, असं नव्हे. वेरेना दोन वर्षांची असताना चमचाभर दह्यानं तिचे ओठ सुजले, अंगभर चट्टे उठले आणि श्वास कोंडून पोर निळी पडायला लागली. त्या दिवशी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "दूध, लोणी, तूप, चीज, काही म्हणजे काही नाही. थेंबही नाही. बोटाला लागलेलंसुद्धा नाही." दमियानानं ते ऐकलं, आणि तेव्हापासून तिनं एकही घास सुखानं खाल्ला नव्हता. जेवताना तिचा एक डोळा ताटावर आणि एक मुलीच्या तोंडावर असायचा.

उपासात मात्र ओळखीपाळखीची सगळी घरं तिच्या बाजूनं असायची. दूध, तूप, अंडी सगळंच बंद. दुकानांत सियामी, म्हणजे उपासाच्या जिनसांच्या चळती लागायच्या. तेलातली बिस्किटं, नारळाची मिठाई, आणि सोयाबीन नि तेलापासून केलेलं पिवळं चीज, ज्यात दुधाचा टिपूस नाही. चर्चच्या अंगणात कुणी मायेनं पोरीच्या हातावर काही ठेवलं तरी ते सियामीच असणार. त्या दिवसांत दमियाना जरा मोकळा श्वास घ्यायची. आणि मग सण यायचा! पापे घेणाऱ्या प्रत्येकाच्या ओठांना लोणी, लाड करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तुपातली काहक बिस्किटं. प्रेमानं पुढे आलेला प्रत्येक हात तिला सुरीसारखा दिसायचा.

सणाच्या दोन दिवस आधी ती बोत्रोसच्या दुकानात गेली.

"बाई, परवा उपास सुटतोय," बोत्रोस म्हणाला. "आता हे चीज कुत्रंसुद्धा हुंगणार नाही. मी उरलेला माल परत पाठवतोय."

"परत नका पाठवू. सगळं मला द्या."

"सगळं? घरात उंदीर पाळलेत की काय?"

माझ्या मुलीला लागतं, तिला दुसरं चालत नाही, हे शब्द दमियानाच्या जिभेवर आले. तिथून ते मागे गेले. "सासूबाईंना आवडतं," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन पळाल्यासारखी बाहेर पडली.

ती खोटं का बोलली? कारण घरात हुकूम होता. मुलीच्या दुखण्याचा बभ्रा करायचा नाही! "मुलीची जात आहे," इस्तेर म्हणायची. "आज दुधाचं नाव निघेल, उद्या लोक म्हणतील यांच्या रक्तातच काहीतरी खोट आहे. मग हिलानाला कोण करून घेईल?" हिलाना ही दमियानाची नणंद. तिचं एमील नावाच्या मुलाशी जमत आलं होतं, आणि एमीलची आई सित्त इन्साफ, म्हणजे इन्साफबाई, सणाच्या दिवशी घर बघायला येणार होती. दमियानाचा नवरा रगाई शाळेत मास्तर होता. वर्गात चाळीस पोरं गप्प करायचा, पण आई आणि बायको यांच्यात सापडला की स्वतःच गप्प व्हायचा.

वाचकहो, आपल्याला हे घर ओळखीचं वाटत असेल, तर नवल नाही. दुखणं उघडं पडू नये म्हणून जिवापाड जपायचं, आणि ज्याला दुखणं आहे त्याला मात्र देवाच्या हवाली करायचं, अशी घरं कुठल्या गावात नाहीत?

दमियाना बोलू शकत नव्हती, म्हणून तिनं आपल्यापुरता बंदोबस्त केला होता. स्वयंपाकघरात एक छोटा तवा होता. त्याच्या दांड्याला तिनं लाल दोरा बांधला होता. त्या तव्याला दुधाची कसलीही वस्तू लागू द्यायची नाही, त्याची घासणी वेगळी, त्याचं फडकंही वेगळं. वेरेनाचं आवडतं सँडविच त्याच तव्यावर व्हायचं. पावाच्या कापांना बाहेरून तेलाचा हात लावायचा, मध्ये सियामी चीज किसून घालायचं, कारण त्याची जाड चकती लवकर विरघळत नाही. आच मंद ठेवायची, तव्याच्या कडेला पाण्याचे दोन थेंब टाकून वर झाकण ठेवायचं. वाफेनं ते हट्टी चीज हळूहळू नरम पडायचं. मग झाकण काढून पाव खरपूस करायचा. "ताणलं का, आई? तार आली का?" वेरेना टाचा उंचावून विचारायची. तार बोटभरच यायची, पण यायची.

"हे काय सोवळं मांडलंयस गं!" इस्तेर म्हणायची. कुणी पाहुण्यानं त्या लाल दोऱ्याबद्दल विचारलं, तर ती बेधडक सांगायची, "नजर लागू नये म्हणून बांधलाय." घरातला मोठा सँडविच टोस्टर ती दमियानासमोर थोपटून म्हणायची, "याच्यात एका दमात चार होतात. चीज सियामी आहे ना? मग झालं तर!"

"आई, त्याला खालीवर खरं चीज चिकटलेलं असतं."

"असू दे चिकटलेलं. अबूनांनी काय सांगितलं विसरलीस?"

हे अबूनांचं प्रकरण असं होतं. उपासाच्या पहिल्या आठवड्यात इस्तेरनं न धुतलेल्या टोस्टरमध्ये आपलं सियामी सँडविच भाजून खाल्लं, आणि मग तिला धास्ती बसली की जुन्या चीजच्या कणानं उपास मोडला. ती धावत अबूना वीसांकडे, म्हणजे त्यांच्या चर्चच्या पाद्र्यांकडे गेली. अबूना हसून म्हणाले, "रगाईच्या आई, देव तुमच्या मनात बघतो, टोस्टरमध्ये नाही." झालं! इस्तेरला जणू ताम्रपट मिळाला. कणाला देव मोजत नाही, मग माणसानं कशाला मोजावं?

"आई, ते उपासाचं झालं. हे..."

"म्हणजे तू अबूनांपेक्षा शहाणी?"

दमियानानं जीभ आवरली. शहाणपणाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे, असं तिला म्हणायचं होतं. ते तिनं फ्रिजवरच्या निळ्या डब्याकडे बघून मनातल्या मनात म्हटलं. त्या डब्यात रगाईच्या मामेभावानं कुवेतहून आणलेली औषधाची सुई होती. पोरीचा श्वास अडला तर टोपण काढून मांडीत दाबायची, आणि मग इस्पितळ गाठायचं. डबा तिथं आहे ना, हे ती दिवसातून कितीदा बघायची याला सुमार नव्हता.

सण उजाडला. रात्रभराची प्रार्थना झाली होती, आणि जो तो दुसऱ्याला म्हणत होता, "मसीहा उठला!" "खरंच उठला!" इस्तेरनं तुपाचा डबा उघडायला काढून ठेवला, मोठा टोस्टर सकाळपासून तापवला आणि त्यात रूमी नावाच्या खऱ्या दुधाच्या चीजची सँडविचं भाजायचा सपाटा लावला. त्या खारट चीजचा वास जिन्यापर्यंत गेला. दमियानानं त्याआधीच लाल दोऱ्याच्या तव्यावर वेरेनाचं सँडविच करून, फडक्यात बांधून ठेवलं होतं. "तुझं हेच," तिनं मुलीच्या कानात सांगितलं. "दुसऱ्या कुणाच्या हातचं काही नाही. तेताच्या हातचंही नाही." तेता म्हणजे आजी. वेरेनानं शहाण्यासारखी मान हलवली. तिला असली मान हलवायची सवय झाली होती, आणि ते बघून दमियानाला रडू यायचं.

दुपारी सित्त इन्साफ मुलाला घेऊन आली. बाई अंगानं आणि आवाजानं दणदणीत होती. दारातूनच तिनं घरभर नजर फिरवली आणि म्हणाली, "वास तर झकास येतोय! सून आणायला आलेय का जेवायला, तेच विसरले."

"दोन्ही करा, विहीणबाई!" इस्तेर फुलून म्हणाली. मग ती दमियानाजवळ येऊन कुजबुजली, "जा, हिलानाचे केस नीट कर. भूत दिसतेय ती."

"वेरेना..."

"अगं मी आहे ना इथं! परकी आहे का मी?"

दमियाना आत गेली. एका हातात कंगवा, एका हातात नणंदेची वेणी, आणि कान बाहेर. बाहेर हसणं चाललं होतं. इन्साफ कसलासा किस्सा सांगत होती. मग हसण्यात एक खोकला मिसळला. बारीक, कोरडा. दमियानाचा हात थांबला. पुन्हा तोच खोकला. तो खोकला तिनं हजार खोकल्यांत ओळखला असता.

कंगवा पडला. ती बाहेर धावली.

वेरेना सोफ्याच्या कडेला बसली होती. हातात अर्धं सँडविच. खालचा ओठ जाड झाला होता, आणि गळ्यावर लाल चट्टे एकातून एक उमलत होते. ती गळ्याला हात लावून आईकडे बघत होती. "आई, खाजतंय. आतून."

"काय खाल्लंस? कुणी दिलं?"

"तिचंच सँडविच दिलं," इस्तेर घाईघाईनं म्हणाली. "तू केलेलंच! गार होऊन चिवट झालं होतं. विहीणबाई म्हणाल्या, सणाच्या दिवशी पोरीला गार काय देता. म्हणून जरासं गरम करून..."

"कशात गरम केलंत?"

इस्तेरनं टोस्टरकडे पाहिलं. सकाळपासून रूमी चीज गाळणारा तो टोस्टर कडेकडेनं पिवळा झाला होता.

दमियाना स्वयंपाकघरात धावली, तिनं फ्रिजवर हात फिरवला. डबा नव्हता! तिनं पुन्हा चाचपलं. टोपली खाली पडली, कांदे घरंगळले. डबा नव्हता.

"डबा कुठंय? इथला निळा डबा कुणी हलवला?"

"कसला डबा?" इन्साफनं विचारलं. तिनं वेरेनाला जवळ घेतलं होतं आणि ती तिच्या पाठीत थापट्या मारत होती. "घास अडकलाय का पोरीच्या? बोला ना कुणीतरी! काय होतंय तिला?"

कुणी बोलेना. रगाई भिंतीला टेकून पांढराफटक उभा. इस्तेरचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. ती एकदा नातीकडे बघे, एकदा पाहुण्यांकडे. वेरेनाच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. आणि तेवढ्यात दमियानाला कळलं की आपली सासू अजूनही विचार करतेय. अजूनही! पोर गुदमरतेय, आणि ही बाई पाहुण्यांसमोर बोलावं की नाही ते ठरवतेय. आणि आपण? आपण चार वर्षं दुसरं काय केलं?

"माझ्या मुलीला दूध विष आहे!" दमियाना ओरडली. इतकी, की समोरच्या घरातलं रेडिओचं गाणं थांबलं. "ऐका सगळ्यांनी! थेंबानं मरेल ती! त्या डब्यात तिची सुई आहे. आई, डबा कुठं ठेवलात? लाज नंतर वाटून घ्या, आधी डबा सांगा!"

इस्तेर मटकन खाली बसली. "मरियमच्या तसबिरीमागे," ती म्हणाली. "लोक आले की विचारतील म्हणून... आणि वाटलं, तीच सांभाळेल..."

हिलाना अर्धी वेणी तशीच लोंबत असताना आत पळाली. तसबिरीपुढची मेणबत्ती कलंडली, फोटो सरकला, आणि ती डबा घेऊन आली. दमियानानं टोपण ओढलं, ते निघेना. रगाईनं ते दातांनी ओढून काढलं. तिनं मुलीला आडवं केलं, सुई कपड्यावरूनच मांडीत दाबली आणि धरून ठेवली. वेरेना किंचाळली. ती किंचाळी ऐकून दमियानाला बरं वाटलं, कारण किंचाळायला श्वास लागतो.

"एमील, गाडी काढ!" इन्साफ गरजली. "बघतोस काय बावळटासारखा!"

इस्पितळ लांब नव्हतं, पण सणाचा रस्ता माणसांनी फुलला होता. नवे कपडे घातलेली पोरं फुगे घेऊन गाडीसमोरून जात होती. एमीलनं भोंग्यावरचा हात काढला नाही. मागे रगाईनं वेरेनाला मांडीवर टेकवून धरलं होतं, दमियाना तिच्या ओठांकडे बघत होती आणि पुढे बसलेली इन्साफ "किरियेलेसन, किरियेलेसन," म्हणजे प्रभू दया कर, असं मोठमोठ्यानं म्हणत होती. ओठ निळे आहेत का? आहेत. नाहीत. गाडी सावलीत गेली की निळे दिसायचे, उन्हात आली की नाही. एवढ्या प्रवासात दमियाना कितीदा मेली आणि कितीदा जगली ते तिचं तिलाच ठाऊक.

इस्पितळात डॉक्टरांनी पोरीला नळी लावली, आणखी एक सुई टोचली, आणि दार लोटून घेतलं. बाहेर बाकावर दमियाना बसली. रगाई येरझाऱ्या घालत होता. मध्येच तो बायकोसमोर येऊन उभा राहिला. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "आईला मी सांगायला हवं होतं. मला भांडण नको होतं, म्हणून मी बोललो नाही." दमियानाचे डोळे लोटलेल्या दारावर होते.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. "श्वास मोकळा झालाय. आज रात्री इथंच ठेवू. सुई वेळेत दिलीत म्हणून. थोडा आणखी उशीर झाला असता तर..."

तेव्हा दमियानाला हुंदका फुटला. इन्साफ तिच्या शेजारी बसली होती, आणि आता हिलानाचं मोडलं, हेही दमियानाला दिसत होतं. डोळे पुसत ती म्हणाली, "सित्त इन्साफ, माफ करा. आम्ही तुमच्यापासून लपवलं. पण हिलाना धडधाकट आहे, तिला काही..."

"हिलानाचं राहू दे बाजूला!" इन्साफचा आवाज चिरकला. "मला एक सांग. पुढच्या आठवड्यात तुम्ही माझ्या घरी येणार होतात की नाही? मी दारातच पोरीला उचललं असतं. माझ्या हातचं तुपाचं बिस्किट तिच्या तोंडात घातलं असतं, वर म्हटलं असतं, खा गं माझे बाई. आणि ती माझ्या मांडीवर मेली असती! माझ्या हातानं! अगं, लोकांपासून लपवता, म्हणजे लोकांच्या हातात सुरी देता आणि सांगतही नाही की सुरी आहे म्हणून. माझ्यासारख्या म्हातारीला खुनी करायला निघाला होतात तुम्ही?"

दमियाना तिच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती लोकांच्या हातांना भीत आली होती. त्या हातांना कुणी सावधच केलं नव्हतं, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं!

"आणि रक्ताचं म्हणशील," इन्साफ नाक पुसत म्हणाली, "तर ज्याच्या रक्तात काहीच नाही असं एक घर मला दाखव. माझ्या नवऱ्याला साखर, दिराला फिट्स, आणि या एमीलला कोळंबी खाल्ली की गांधी उठतात. त्याचं मी तरी कुठं सांगितलं होतं तुम्हाला?"

कोपऱ्यात उभ्या एमीलनं मान खाली घातली. रगाईला त्या अवस्थेतही हसू आलं.

दुसऱ्या दिवशी वेरेना घरी आली. सूज उतरली होती, आवाज जरा बसला होता. इस्तेर आदल्या दुपारपासून अन्नाला शिवली नव्हती. टोस्टर तिनं जिन्याखाली नेऊन टाकला होता आणि ती स्वयंपाकघरात पाटावर, भिंतीकडे तोंड करून बसली होती. नात जवळ गेली तर म्हणाली, "माझ्याजवळ नको येऊ गं. माझ्या हाताला काय लागलेलं असेल देव जाणे."

संध्याकाळी अबूना वीसा आले. त्यांना सगळं कळलं होतं.

"अबूना, तुम्ही म्हणाला होतात देव टोस्टरमध्ये बघत नाही," इस्तेर रडत म्हणाली. "मी तेच धरून बसले."

अबूना तिच्यासमोर जमिनीवरच बसले. "म्हणालो होतो, रगाईच्या आई, आणि उपासासाठी ते आजही म्हणेन. पण तुम्ही मला पोरीबद्दल विचारलंच नव्हतं. तिला असं काही आहे, हे मलासुद्धा माहीत नव्हतं. या पोरीचा बाप्तिस्मा मी केलाय, आणि मला माहीत नव्हतं! उपास हा तुमचा आणि देवाचा मामला. तिथं नियत चांगली असली की भागतं. शरीराला नियत कळत नाही. तुम्ही मायेनं दिलंत की रागानं, ते त्याला दिसत नाही. त्याला कण दिसतो."

"मग मी पापी?"

"तुम्ही तिला गरम खायला घातलंत, ते पाप नाही. डबा लपवलात, ती चूक. आणि सणाच्या दिवसात ही पोर जिवंत आहे, तेव्हा चूक दुरुस्त करायला जागा आहे. उठा. पोरीला भूक लागली असेल."

इस्तेर उठली. तिनं हात धुतले. पुन्हा धुतले. कोपरापर्यंत साबण लावून तिसऱ्यांदा धुतले. मग तिनं लाल दोऱ्याचा तवा काढला आणि सुनेकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदा, विचारलं, "हे फडकं चालेल का गं?"

"ते नको, आई. हे घ्या."

"आणि किसणी?"

"ती वेगळी आहे. वरच्या खणात."

"तेल आधी की चीज आधी?"

म्हातारीनं पावाला तेल लावलं, चीज किसलं, कडेला पाण्याचे दोन थेंब टाकले आणि झाकण ठेवलं. ती तव्यासमोर अशी उभी राहिली की जणू त्याखाली दारूगोळा पेटवलाय. पाव खरपूस झाला. वेरेनानं पहिला घास घेतला, आणि इस्तेरनं डोक्यावरच्या रुमालाचा बोळा करून तोंडाशी धरला. "ओठ दाखव. जीभ दाखव बघू. खाजतंय का? नक्की नाही ना?"

"तेता, मला चावू तर दे!" वेरेना म्हणाली. तिनं सँडविच ओढलं आणि हसली. "तार आली!"

पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या अंगणात बायका जमल्या होत्या. इस्तेर त्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिचा आवाज खणखणीत होता. "बायांनो, माझ्या नातीला दूध विष आहे. मी ते लपवलं आणि परवा तिला जवळजवळ मारलं. तुमच्यापैकी कुणीही तिला काही द्यायचं असेल तर आधी विचारा. विचारलंत म्हणून आम्हाला राग येणार नाही. न विचारता दिलंत तर मात्र मी तुमचा हात धरीन!" मग मागून एक तरुण बाई हळूच पुढे आली. तिच्या मुलाला अंड्याचं तसंच होतं म्हणे. तिनंही आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

बघा वाचकहो, एक तोंड उघडलं की दुसरं उघडतं! आपण दुखणं झाकतो ते अब्रूसाठी. पण झाकलेल्या दुखण्याला अब्रू राखता येत नाही, ते फक्त निष्पाप हातांकडून घात करवतं. ज्याला अन्न बाधतं तो लाडावलेला नसतो, त्याची आई वेडी नसते, आणि कणभरानं काय होतंय असं म्हणायचा हक्क ज्याचा श्वास अडत नाही त्याला नाही. दुसऱ्याच्या मुलाला खाऊ देण्याआधी विचारावं. आपल्या मुलाचं असेल तर मोठ्यानं सांगावं. आणि औषध देवाच्या मागे लपवू नये. देवाला ते समोर असलेलं चालतं.

तुपाचा तो डबा इस्तेरनं उघडलाच नाही. हिलानाचं पक्कं झालं तेव्हा तो तसाच उचलून तिनं इन्साफच्या घरी पोचवला. "घ्या, विहीणबाई. आणि मला अडवू नका." कुणी अडवलं नाही. निळा डबा आता बैठकीच्या खोलीत दारासमोरच्या खिळ्यावर टांगलेला आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, हे काय? आणि इस्तेर पाणी द्यायच्या आधी त्याला सांगते.

दमियानाची भीती गेली नाही. ती जाणारही नाही. पण त्या आठवड्यात एक दिवस जेवताना तिच्या ध्यानात आलं की समोर सासू घास हातात धरून बसली आहे, खात नाही, आणि एकटक वेरेनाच्या ओठांकडे बघते आहे. अगदी तिच्यासारखीच. दमियानानं मुलीवरची नजर काढली, आपल्या ताटाकडे वळवली, आणि कितीतरी वर्षांनी गरम असतानाच पोटभर जेवली.